बेज लेदर सीट: खाचेत बुरशी, हेडरेस्टवर तेल, कडेला भेगा. नेमकं काय करायचं?

पोर्चातली_गाडी

नमस्कार मंडळी. गाडी चिपळूणला असते. पाच वर्षं जुनी एसयूव्ही, सीट बेज रंगाच्या, कंपनीतूनच लेदरच्या आलेल्या. पुढच्या दोन सीटना बारीक भोकं आहेत, म्हणजे हवा खेळणाऱ्या व्हेंटिलेटेड. गाडी तीन बाजूंनी उघड्या पोर्चमध्ये उभी राहते, आठवड्यातून दोनदाच बाहेर निघते.

मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळतात त्या खाचेत पांढरी बुरशी येते. फडक्याने पुसली की जाते, आठ दिवसांत परत हजर. हेडरेस्टवर केसांच्या तेलाचे काळपट डाग आहेत, बोट लावलं तर किंचित चिकट लागतं. ड्रायव्हर सीटचा दाराकडचा उंचवटा भेगाळलाय. शिवाय मागे आमटी सांडली होती, तो पिवळा डाग भांड्यांच्या साबणाने घासला तर लालसर झाला.

एका गॅरेजमध्ये खोबरेल तेल चोळायला सांगितलं, दुसरीकडे न्यूट्रल शू पॉलिश. यातलं काय करू? वरून सीट कव्हर घातली तर बरं पडेल का?

फोम_फडकं

तेलही नको आणि पॉलिशही नको. कारण नीट सांगतो, म्हणजे पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतील.

आपल्याकडे चामडं म्हटलं की डोळ्यापुढे कोल्हापुरी चप्पल येते. ते चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं, वर कसलाही थर नसलेलं. ते तेल पितं आणि तेलाने मऊ पडतं. गाडीच्या सीटचं चामडं बऱ्याचदा क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं असतं आणि त्यावर रंगाचा थर, त्याच्यावर पारदर्शक पॉलियुरेथेनचा थर चढवलेला असतो. तुमचा हात लागतो तो या थराला, चामड्याला नाही. तेल लावलं तर ते आत जात नाही, वरच बसतं. त्यावर धूळ चिकटते, शिलाईच्या दोऱ्यात मुरतं, काही आठवड्यांनी खवट वास यायला लागतो, आणि कोकणातल्या पावसाळ्यात बुरशीला आयतं जेवण मिळतं. शू पॉलिशचं मेण उन्हात मऊ होऊन कपड्यांना लागतं. डॅशबोर्डचा सिलिकॉनवाला पॉलिश स्प्रे सीटवर कधीच मारू नका: सीट निसरडी होते, आणि पुढे रंगकाम करायचं झालं तर सिलिकॉनवर रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखी भोकं पडतात.

आधी सीट कशाची आहे ते पाहा. "लेदर सीट" म्हणून विकलेल्या बऱ्याच गाड्यांत फक्त अंग टेकतं तो मधला भाग खऱ्या चामड्याचा असतो. बाजू, पाठीची मागची बाजू आणि कित्येकदा हेडरेस्टसुद्धा रेक्झिनचं असतं. सीटच्या खालच्या बाजूला जिथे कापड दुमडून अडकवलेलं असतं तिथे टॉर्च मारा. कापलेल्या कडेच्या उलट्या बाजूला विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन. लोकरीसारखे बारीक तंतू दिसले तर चामडं. मग कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब ठेवा. दोन मिनिटांत डाग गडद झाला नाही, थेंब तसाच मोती होऊन राहिला, तर वरचा थर शाबूत आहे. गडद झाला तर तिथला थर गेलाय, तिथे पाणी आणि क्लीनर दोन्ही अगदी कमी.

आता सफाई. सामान साधं आहे: व्हॅक्यूमला मऊ ब्रशचं तोंड, पीएच ५ ते ७ मधला लेदर क्लीनर, घोड्याच्या केसांचा छोटा ब्रश किंवा एकदम मऊ टूथब्रश, आणि चार-पाच पांढरी मायक्रोफायबर फडकी. पांढरीच घ्या. त्यावर काय उतरतंय ते दिसलं पाहिजे. राखाडी-तपकिरी उतरलं तर मळ, निळं उतरलं तर जीन्सचा रंग, आणि सीटचाच बेज रंग उतरायला लागला तर तिथल्या तिथे थांबा, तुम्ही थर काढताय.

सीट पूर्ण मागे सरकवा, पाठ आडवी करा, खाचांतली वाळू आणि बिस्किटाचा चुरा व्हॅक्यूमने काढा. हे न करता घासलं तर तीच वाळू पॉलिश पेपरचं काम करते. क्लीनर सीटवर नाही, ब्रशवर घ्या. एका वेळी साधारण एक फूट बाय एक फूट एवढाच भाग, हलक्या हाताने गोल फिरवून फेस करा, आणि फेस वाळायच्या आत कोरड्या फडक्याने उचलून घ्या. चोळून पसरवायचा नाही, उचलायचा. मग आरओच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं एकदा फिरवा, लगेच कोरडं फडकं. पाच सीटना मिळून १०० मिलीपेक्षा जास्त क्लीनर लागत असेल तर तुम्ही सीट भिजवताय असं समजा. नंतर चारही दारं उघडी ठेवून अर्धा-पाऊण तास सावलीत वाळू द्या.

झाल्यावर सीट मॅट दिसेल. घाबरू नका, नवी सीट तशीच असते. ती जी चकाकी दिसत होती ना, ती घामाची आणि तेलाची होती.

हेडरेस्टचं थोडं वेगळं. केसांचं तेल आणि घाम महिनोन्महिने बसला की वरचा थर नरम पडतो, म्हणून चिकट लागतं. दोन-तीन हलक्या फेऱ्या करा, मध्ये दहा मिनिटं वाळू द्या. एका फेरीत सगळं काढायच्या नादात जोर लावला की रंगच निघतो. तीन फेऱ्यांनंतरही चिकटपणा राहिला तर थर कायमचा बिघडलाय, तिथे पुन्हा टॉपकोटच (वरचा पारदर्शक थर) द्यावा लागेल. पुढे हेडरेस्टवर धुता येईल असा सुती पंचा किंवा छोटं कव्हर टाका.

पांढरा मॅजिक स्पंज, स्पिरिट, सॅनिटायझर, काचा पुसायचा स्प्रे, खाण्याचा सोडा, नेलपॉलिश रिमूव्हर: यातलं काहीही सीटला लावू नका. मॅजिक स्पंज डाग झटकन काढतो कारण तो बारीक घासकागद आहे. डागासकट थर घेऊन जातो, आणि मग त्याच जागी मळ दुप्पट वेगाने धरतो.

हिरवी_पाणंद

वरच्या उत्तरात हळदीचं राहिलं. डाग लाल झाला तो साबणामुळे. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं. कपड्यावरचा आमटीचा डाग साबण लावल्यावर लाल होतो, तोच प्रकार. घाबरायचं कारण नाही. समप्रमाणात पांढरं व्हिनेगर आणि पाणी, त्यात फडकं बुडवून घट्ट पिळा आणि टिपून घ्या, लाल परत पिवळा होईल. मग साध्या ओल्या फडक्याने पुसून घ्या.

उरलेल्या पिवळ्यावर उपाय ऊन. कर्क्युमिन उजेडात विरतं. सकाळचं कोवळं ऊन त्या जागेवर पडेल अशी गाडी उभी करून रोज तासभर दार उघडं ठेवा. चार-सहा दिवसांत डाग फिका पडतो. दुपारच्या उन्हात मात्र नको, बाकीच्या सीटचा रंगही उडेल. डाग रेक्झिनवर असेल तर वेळ जास्त लागतो, कारण हळद प्लास्टिकच्या आत शिरते. जीन्सच्या निळ्याचंही तेच: चामड्यावर वेळेत पुसला तर निघतो, रेक्झिनमध्ये एकदा मुरला की निघत नाही.

सड्यावरचा

बुरशीवर लिहितो. दर आठ दिवसांनी परत येते याचा अर्थ तुम्ही वर दिसणारी बुरशी पुसताय, ओल तशीच आहे.

एक लक्षात घ्या, बुरशी थरावर वाढत नाही, थरावरच्या मळावर वाढते. घामाचं तेल, दुधाचे थेंब, फरसाणाचा चुरा. म्हणून ती खाचेत दिसते, जिथे फडकं पोहोचत नाही. पुसताना मास्क घाला, दारं सगळी उघडी, आणि कोरडा ब्रश अजिबात मारू नका. कोरडं झटकलं की बीजाणू एसीच्या जाळीपर्यंत जातात आणि पुढचा महिनाभर एसी लावला की कुबट वास. किंचित ओल्या फडक्याने टिपून घ्यायची, फडक्याची घडी दर वेळी पालटायची, ते फडकं नंतर टाकून द्यायचं. मग वर सांगितलेली सफाई, मग व्हिनेगर-पाणी समप्रमाणात, पिळलेल्या फडक्याने एक हात. पंधरा मिनिटांनी साध्या पाण्याचं फडकं. ब्लीचचं नाव काढू नका. चामडं आणि शिलाई दोन्ही खातं, शिवाय व्हिनेगरशी गाठ पडली तर विषारी क्लोरीन वायू निघतो.

आता ओल कुठून येते ते शोधा. हे खरं काम आहे. पायपुसण्या काढा आणि चारही बाजूंचं कार्पेट तळहाताने जोरात दाबा. वरून कोरडं वाटतं, पण त्याच्याखाली जाड फेल्ट असतं, ते पाणी धरून बसतं. सनरूफ असेल तर तो उघडून कडेच्या पन्हाळीत कोपऱ्यात अर्धा कप पाणी हळूच ओता. ते गाडीखाली पडलं पाहिजे. पडलं नाही तर नळी तुंबलीय. ती मोकळी करायला गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी वापरा. तार घालू नका, नळी फाटते. कंप्रेसरची जोराची हवा मारू नका, नळी आतल्या आत जोडातून निसटते आणि मग सगळं पाणी काचेशेजारच्या खांबातून थेट कार्पेटमध्ये.

पावसाळ्यात बाहेरून आल्यावर शेवटची पाच मिनिटं एसीचा कंप्रेसर बंद, पंखा जोरात, हवा बाहेरून आत घेण्यावर. एसीची आतली जाळी सुकते. रिसर्क्युलेशनवर ठेवून गाडी बंद केली तर ओल आतच कोंडते. ओली छत्री आणि रेनकोट गाडीत विसरू नका, हे सांगायला साधं वाटतं पण निम्मी बुरशी तिथूनच येते.

कपाटात ठेवतात त्या ओल शोषणाऱ्या डब्या गाडीत ठेवू नका. त्यात कॅल्शियम क्लोराइड असतं, त्याचं पाणी होतं, वळणावर डबी कलंडली की ते खारं पाणी चामड्यावर पडून चामडं आकसतं, आणि सीटच्या रुळांना गंज. सिलिका जेलची पिशवी चालेल, पण आधी गळती बंद करा. कार्पेट ओलं असताना पिशवीने काही होत नाही.

पोर्चातली_गाडी

फार उपयोग झाला. तपासलं. मधला भाग चामड्याचा आहे, बाजू आणि हेडरेस्ट रेक्झिनचं. पुढे डाव्या सीटसमोरचं कार्पेट दाबलं तर बोटांच्या मध्ये पाणी आलं. सनरूफ नाहीये.

दोन प्रश्न. भोकांच्या सीटला हीच पद्धत का? आणि कंडिशनर लावायचाच नाही का? सगळीकडे दर महिन्याला लावा असं वाचतोय.

सड्यावरचा

डावीकडे पुढे पाणी आणि सनरूफ नाही, तर पहिला संशय एसीच्या पाण्याच्या नळीवर. आपल्या उजव्या स्टीअरिंगच्या गाड्यांत एसीचं यंत्र बहुधा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतं, पाणी तिथून खाली नळीने बाहेर पडतं. दमट दिवशी गाडी सपाट जागी उभी करून वीस मिनिटं एसी चालवा. गाडीखाली पाण्याचा ओघळ दिसला नाही तर नळी तुंबलीय. चिखल किंवा कीटकाचं घर निघतं. खालून नायलॉन दोरी घालून मोकळी होते.

त्यानंतर फेल्ट सुकवायचं. दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिक पट्टी वर खेचली की निघते, कार्पेट उचला, खाली रिकामी बाटली आडवी घाला आणि टेबल फॅन लावा. चोवीस तास तरी. फेल्ट सुकल्याशिवाय सीटवर केलेली सगळी मेहनत वाया. पाणी रंगीत आणि गोडसर वासाचं असेल तर मात्र ते कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) आहे, मग गॅरेजमध्येच जा.

फोम_फडकं

भोकांच्या सीटवर फेस करायचा नाही. क्लीनर फडक्यावर घ्या, फडकं जेमतेम ओलसर हवं, एकाच दिशेने पुसा. थेट स्प्रे मारला तर पाणी भोकांतून फोममध्ये उतरतं, खाली पंखा असतो, कधी हीटरची जाळी, आणि डाव्या सीटमध्ये कोण बसलंय हे ओळखणारा सेन्सर. याच कारणासाठी वाफेचं मशीनही नको. भोकांत पांढरं क्रीम अडकलं असेल तर वाळू द्या, मऊ ब्रशने सैल करा आणि व्हॅक्यूमने ओढा. सुईने टोकरू नका, भोक मोठं होतं आणि फाटायला सुरुवात तिथूनच होते.

कंडिशनर दर महिन्याला हे चुकीचं आहे, आणि तुमच्या हवेत तर नक्कीच. वरचा थर शाबूत असेल तर त्यातलं फार थोडं आत जातं. वर्षातून दोनदा पुरे, चामड्याच्या भागाला: एकदा दिवाळीच्या आसपास हवा कोरडी झाली की, एकदा उन्हाळा सुरू होताना. रुपयाच्या नाण्याएवढा थेंब एका बैठकीला पुष्कळ, फडक्यावर घेऊन पातळ, वीस मिनिटांनी उरलेला पुसून टाका. पावसाळ्याच्या तोंडावर चरबीचा कुठलाही थर नको. रेक्झिनला कंडिशनर लागतच नाही. रेक्झिन कडक होतं ते त्यातलं प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारा घटक) उन्हाने उडून गेल्यामुळे, आणि पीयूचं (पॉलियुरेथेनचं) रेक्झिन सोलतं ते दमट हवेत त्याची रासायनिक साखळी तुटल्यामुळे. दोन्हींवर वरून लावायचं औषध नाही.

त्यापेक्षा पाण्यावर आधारित लेदर प्रोटेक्टंट घ्या, चामडं आणि रेक्झिन दोन्हीला चालतो. बेज सीटवर जीन्सचा रंग आणि मळ आधी त्या थरावर बसतो, सीटवर नाही. सफाईनंतर पूर्ण वाळलेल्या सीटवर पातळ हात, चार तास बसू नका.

दोरा_सुई

कुशनकाम करतो, भेगांबद्दल लिहितो.

अंगठ्याने तो उंचवटा दाबून भेग उघडा आणि भिंगातून किंवा मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन पाहा. भेगेच्या तळाशी बेजच दिसत असेल तर फक्त रंगाचा थर फाटलाय. निळसर-करडे तंतू दिसले तर चामड्यापर्यंत गेलीय. क्रोमचं चामडं आतून तसंच असतं. विणलेले धागे दिसले तर ते रेक्झिन आहे, त्यावर रंगकाम सहा महिनेही टिकत नाही, तो तुकडाच बदलून घ्या. तुमच्याकडे बाजू रेक्झिनच्या आहेत म्हणता, तर भेग नेमकी चामड्यात आहे की शिवणीपलीकडे रेक्झिनमध्ये, हे आधी ठरवा. उंचवट्याचा माथा बऱ्याच गाड्यांत चामड्याचा आणि दाराकडची उभी बाजू रेक्झिनची असते.

चामड्यात असेल तर काम असं होतं. सफाई करून पूर्ण वाळवा. मग त्या जागेपुरतंच आयसोप्रोपिल अल्कोहोलचं फडकं, तेलकटपणा काढायला. वर स्पिरिट, सॅनिटायझर नको म्हटलंय ते बरोबरच आहे, पण इथे थर काढायचाच असतो. ६०० नंबरच्या घासकागदाने भेगेच्या उचललेल्या कडा बसवा. लवचिक लेदर फिलर पातळ पात्याने भेगेत दाबून भरा. एका दमात जाड भरू नका, वरून सुकतं आणि आतून ओलं राहतं, मग पहिल्याच उन्हाळ्यात खचतं. दोन-तीन पातळ हात, मध्ये हेअर ड्रायर अंतरावरून, मग १००० नंबरचा घासकागद. रंग स्पंजने टिपत द्यायचा, चार ते सहा पातळ हात. शेवटी मॅट टॉपकोट दोन हात. चोवीस तास बसायचं नाही, आठवडाभर पुसायचं नाही.

रंग जुळवताना मळकट भागाशी जुळवू नका. हेडरेस्ट काढला की त्याच्या दांड्यांच्या भोवती, सावलीतली जागा असते. ती पुसून घ्या, तो तुमचा मूळ बेज. पण उंचवटा उन्हाने फिका झालेला असतो, म्हणून मूळ रंगात अगदी थोडा पांढरा मिसळावा लागतो. आधी कागदावर वाळवून पाहा, ओला रंग आणि वाळलेला रंग वेगळे दिसतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दाराकडच्या बाजूला "एअरबॅग" लिहिलेलं छोटं लेबल शिवलेलं आहे का पाहा. असेल तर त्या शिवणीला हात लावू नका, कुणालाही लावू देऊ नका. ती शिवण मुद्दाम ठरावीक ताकदीच्या दोऱ्याने घातलेली असते, एअरबॅग तीच फाडून बाहेर येते. तिथे जाड दोरा घातला किंवा आतून पट्टी चिकटवली तर एअरबॅग उशिरा उघडेल, नाहीतर भलत्याच दिशेला. सीटखालचे पिवळे कनेक्टरही तसेच; सीट काढायची वेळ आली तर बॅटरीची तार सोडून, कंपनीने सांगितलेला वेळ थांबून मगच.

भेगेत फेव्हिक्विक भरणारे लोक आहेत. तो काचेसारखा कडक होतो आणि शेजारी नवी भेग पडते. ती सीट मग आम्हालाही नीट करता येत नाही.

कव्हरचं विचारलंत. पुढच्या सीटना नको: एअरबॅग अडते, भोकं बुजतात, व्हेंटिलेशन बंद. फोम लावलेलं रेक्झिन कव्हर चामड्यावर घातलं की खाली घाम आणि ओल कोंडते, पावसाळ्यानंतर काढलं तर आत काळे ठिपके. मागे लहान मुलाची सीट लावत असाल तर तिच्याखाली जाळीदार चटई घाला, रबराची नको. रबराचा रंग बेज सीटला कायमचा लागतो. आणि ती सीट महिन्यातून एकदा काढून खालचा चुरा झाडा.

पोर्चातली_गाडी

लेबल आहे, दाराच्या बाजूला, भेगेच्या चार बोटं खाली. भेग माथ्यावर चामड्यातच आहे, तळाशी बेज दिसतंय. नळीतून मातीचा लगदा निघाला आणि मागोमाग धो धो पाणी. कार्पेट उचलून फॅन लावलाय.

दोरा_सुई

तळाशी बेज म्हणजे फिलर जेमतेम लागेल, रंग आणि टॉपकोट पुरे. पण घाई करू नका. गाडी आतून कोरडी झाल्याशिवाय रंग धरणार नाही. आमच्याकडे पाऊस असेपर्यंत आम्ही रंगाचं काम घेत नाही, ऑक्टोबरात करा. तोवर उतरताना त्या उंचवट्यावरून घसरत उतरू नका, दोन्ही पाय आधी बाहेर काढा आणि मग उठा.